हातगाडी म्हणजे अतिक्रमण नव्हे, ती वाहतूक आहे

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसात ‘ग्रीन डिलिव्हरी’वर प्रेझेंटेशन झाले. दहा मिनिटांत कोथिंबीर दारात, तीही इलेक्ट्रिक स्कूटरवर. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. त्याच दुपारी अब्बांचा फोन आला, “गाडी उठाके लेके गये रे.” हातगाडी, तराजू आणि तीन पाट्या पेरू. हातात ना पावती, ना मालाची यादी.

डिलिव्हरीचे मार्ग आखणारे प्रोग्रॅम लिहिणे हे माझे रोजचे काम, म्हणून हिशेबानेच बोलतो. पहाटे मार्केट यार्डातून सहा-सात बागवान मिळून एकच टेम्पो करतात. मोहल्ल्यापासून पुढे गाडी माणूस ढकलतो. डिझेल नाही, वीज नाही आणि एका फेरीत कितीतरी घरे. स्कूटर मात्र एक-दोन पिशव्यांसाठी एक फेरी मारते. यातली शाश्वत वाहतूक कोणती, ते सांगायला इंजिनियर कशाला हवा?

अन्नसुरक्षा म्हणजे फक्त गोदामातला गहू नव्हे. रोजंदारीवरच्या बाईला दहा रुपयांची मेथी घराजवळ, गरज पडली तर उधारीवर मिळणे हीसुद्धा अन्नसुरक्षाच आहे. अॅप उधारी देत नाही.

“पण रस्ता अडतो,” असे म्हणतात. अडतो कधीकधी. मग दिवसभर फुकट उभी असलेली मोटार काय करते? माझीही तशीच उभी असते. तिला आजवर कुणी अतिक्रमण म्हटलेले नाही.

लांबच्या वाहतुकीतही हेच. 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली. 28 डिसेंबरला शंभरावी गाडी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली. फळे-भाज्यांच्या भाड्यात 50 टक्के सवलत होती. किमान वजनाची अट नसल्यामुळे छोट्या शेतकऱ्यालाही डाळिंबाच्या चार पेट्या पाठवता येत. तोच माल ट्रकने नेला तर डिझेल कितीतरी जास्त जळते. तरीही सवलत आटली तशा गाड्याही आटल्या. हिरवी झेंडी दाखवायला सगळे असतात, गाडी चालू ठेवायला कुणी नसते.

कायदा नाही असेही नाही. पथविक्रेत्यांचा कायदा 2014 चा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. जप्तीच्या वेळी मालाची यादी द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा लागतो. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत. हे मी अब्बांची गाडी गेल्यावर वाचले, आधी नाही. तिसऱ्या दिवशी गाडी सुटली, तेव्हा पेरू सडले होते.

माझा राग महापालिकेवर आहे, तितकाच आपल्यावरही आहे. या राज्यात फळबाजार म्हटला की बागवान आलेच. आपल्यातले कितीतरी जण त्यांची, हमालांची, टेम्पोवाल्यांची मुले आहोत. इंजिनियरिंगच्या फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय ‘फळांचे व्यापारी’ असा लिहिला होता. फी मात्र हातगाडीने भरली. आपण शिकलो आणि त्या गाडीकडे पाठ फिरवली. कायदा वाचता येणारेच गप्प बसले, तर यादी मागणार कोण?

म्हणून निषेधाचे स्टेटस पुरे. या आठवड्यात तीन कामे करा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: आपल्या शहरात विक्रेत्यांचे सर्वेक्षण कधी झाले, समितीची निवडणूक झाली का? मोहल्ल्यातल्या प्रत्येक गाडीवाल्याकडे प्रमाणपत्र आहे का ते पाहा, नसेल तर त्याच्यासोबत कार्यालयात जा. आणि वॉर्डाच्या विकासकामांत मोटारींच्या पार्किंगआधी हातगाड्यांसाठी जागा आणि रात्री त्या ठेवायला शेड मागा.

अब्बा म्हणतात, “जाने दे बेटा, झगडा नको.” मी भांडत नाहीये. 2014 मध्ये संसदेने जे दिले, तेवढेच मागतोय.