आधी तपासा, मग बदला

दहा-बारा वर्षं जुनी डिझेल एसयूव्ही वरंधा घाटात अचानक दमली, की मालकाला ठरलेलं उत्तर मिळतं: पंप गेला, इंजेक्टर बदला. भोरला गॅरेज चालवतो मी, आणि या उत्तराची मला मनापासून चीड येते.

या गाड्यांच्या ॲक्सिलरेटरला केबल नसते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. दोघांचे आकडे जुळले नाहीत, की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो. मग पेडल तळाला टेकलं तरी गाडी रांगत राहते. परवा अशाच एका गाडीच्या पेडलचा प्लग उघडला, तर पिनेवर हिरवट गंज आणि एक तार उंदराने अर्धी कुरतडलेली. मालकाच्या हातात मात्र नव्या पंपाचं कोटेशन होतं!

डिझेलच्या बाबतीतही तेच. इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, म्हणजे कॉमन रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो. तिथे पाणी शिरलं की पंप आतून खरवडला जातो, गंजतो. फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो. (किती मालकांनी तो पाहिलाय?) फिल्टर चोंदला तरी चढावर दाब कमी होतो आणि नाव पंपाचं होतं.

स्कॅनरवरचा बिघाडाचा कोड म्हणजे निदान नव्हे. गाडी चढावर चालवून रेलचा दाब वाचा, ते आकडे मालकाला लिहून द्या, काढलेला भाग त्याच्या डिकीत ठेवा. प्रत्येक गॅरेजला हे सक्तीचं करा, माझ्यासकट.