गुरुत्वाकर्षणावर फिर्याद

कंबर धरलेल्या माणसाला कुणीही काहीही विकू शकतं. पट्टे, मलमं, चुंबकाची गादी, सगळं माझ्या घरात येऊन माळ्यावर गेलंय. सध्या आमच्या सोसायटीत हवा आहे ती उलटं लटकायच्या टेबलाची. खालच्या मजल्यावरच्या काकांनी ते मागवलं आणि इमारतीतले पाठदुखे संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये नंबर लावू लागले. मीही त्यातलाच.

यंत्र साधं आहे. आपली उंची बघून दांड्याची खीळ लावायची, घोटे फोमच्या रुळांत अडकवायचे आणि पाठ टेकायची. मग छातीवरचे हात डोक्याकडे नेले की तेवढ्यानेच टेबल मागे कलायला लागतं. किती कलायचं ते खालचा पट्टा ठरवतो. काकांनी तो आखूड ठेवला होता, हे त्यांचे उपकार. आधी घोटे आवळले जातात, चेहरा तापतो, कानात दडे बसतात. आणि मिनिटभरात कमरेत कुणीतरी आवळून धरलेली मूठ सैल व्हावी तसं वाटतं. हे सुख खरं आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती विकणाऱ्यांच्या खुलाशाबद्दल. गुरुत्वाकर्षण दिवसभर मणका दाबतं म्हणून दुखतं, उलटे व्हा, दाब गेला की दुखणं गेलं, असं ते सांगतात. यातलं अर्धं बरोबर. मणक्यांमधल्या गाद्या दिवसभरात पाणी सोडून चेपतात आणि रात्री आडवं झाल्यावर पुन्हा फुगतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच भरतो ते त्यामुळेच. पण दाब हाच शत्रू असता, तर अंतराळवीरांइतकी सुखी पाठ कुणाचीच नसती. तिथे मणक्यावर भारच नाही. त्यांची उंची पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि जवळपास निम्म्या जणांची कंबर दुखते! परतल्यावर गादी सरकण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त आढळलंय. पाठीच्या स्नायूंना काम लागतं. काम काढून घेतलं की ते सुकतात.

लटकवण्याचा उद्योग नवा नाही. प्राचीन ग्रीसमध्ये रुग्णाला शिडीला उलटं बांधून ती शिडी उंचावरून आपटत. बघ्यांनी तोंडात बोटं घालावीत म्हणून काही वैद्य हे करतात, बरं कुणी होत नाही, अशी टीका हिप्पोक्रेटसच्या नावावरच्या ग्रंथातच आहे. १९८० च्या ‘अमेरिकन जिगोलो’ चित्रपटात रिचर्ड गीअर घोट्यांना बूट अडकवून लटकला आणि अमेरिकेत त्या बुटांचं वेड पसरलं. आपल्या पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी १९७५ साली काढलेल्या संस्थेत भिंतीच्या हुकांना दोर असतात. तिथेही साधक उलटे लटकतात, पण भार घोट्यांवर नाही, कमरेखालच्या दोरावर; डोकं अधांतरी, आणि शेजारी शिक्षक उभा. मला विचाराल तर त्या शिक्षकाची किंमत टेबलापेक्षा जास्त आहे.

शास्त्रीय पुरावा अगदीच नाही असं नाही. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या एका चाचणीत टेबलावर उपचार घेतलेल्यांपैकी ७७ टक्क्यांची शस्त्रक्रिया टळली, न घेतलेल्यांपैकी फक्त २२ टक्क्यांची. पण रुग्ण होते अवघे चोवीस, आणि सगळे एकच गादी बिघडलेले. एवढ्यावर कुणी दुकान थाटावं, हे मला पटत नाही.

तेव्हा लटकायचंच असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा. थोड्याच कोनात, एकदोन मिनिटं, घरात दुसरं माणूस असताना. परत येताना घाई नको, नाहीतर डोळ्यांपुढे अंधारी येते. उतरल्यावर सोफ्यावर न पडता चालायला जा. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार, हर्निया, ठिसूळ हाडं, पक्षाघाताचा इतिहास असलेल्यांनी आणि गर्भवतींनी या वाटेला जाऊ नये. उलटं होताच डोळ्यांतला दाब झटकन वाढतो. आणि कंबरदुखीबरोबर पाऊल लुळं पडत असेल, जांघेत बधिरपणा आला असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर टेबल, दोर, तेल सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.