बोर्डच बदलावा लागेल!

‘बोर्डच बदलावा लागेल’ हे आपल्या काळातलं सर्वांत महागडं वाक्य आहे. पूर्वी इतक्या गंभीर चेहऱ्यानं फक्त डॉक्टर बोलत, आणि तेही ‘नातेवाइकांना बोलावून घ्या’ एवढंच. आता सर्व्हिस सेंटरच्या काउंटरमागचा टाय लावलेला मुलगा हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. डॉक्टर निदान नाडी तरी बघत. हा झाकणसुद्धा उघडत नाही.

प्रकरण माझ्या भाच्याच्या गिटारच्या डिजिटल अ‍ॅम्प्लिफायरचं आहे. आम्ही राहतो केडगावात. दौंडकडचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव वेगळं. आमचं रेणुकामातेचं, पुणे रस्त्यावरचं, नगरला (२०२४ पासून अहिल्यानगरला) चिकटलेलं. हा अ‍ॅम्प्लिफायर एके दिवशी मुका झाला. शेजाऱ्यांनी दुःख बऱ्यापैकी आवरलं. मग कळलं की केबल जरा डावीकडे दाबून धरली की आवाज येतो, सोडली की जातो. त्यामुळे भाचा गिटार वाजवी आणि त्याची आई केबल धरून बसे. तंबोऱ्याची साथ करणाऱ्या बायका पाहिल्या होत्या. केबलची साथ करणारी आमची ताई पहिलीच.

निदान सोपं होतं: केबल खुपसायचा जॅक झिजला होता. पण पुण्याहून उत्तर आलं, “जॅक सुटा मिळत नाही. बोर्डच बदलावा लागेल.” बोर्डाची किंमत ऐकल्यावर पुढचं वाक्य आपोआप आलं, “त्यापेक्षा नवीनच घ्या ना सर.” भाच्यानं दोन वर्षं शिकवण्या करून साठवलेल्या पैशांचा निकाल ह्या ‘ना सर’मध्ये लागला होता.

आता हा जॅक म्हणजे काय दिव्य वस्तू आहे? पाव इंचाचं, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचं भोक आणि त्यात स्प्रिंगची पट्टी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजातल्या बायका हीच जात दिवसभर खुपसत आणि उपसत होत्या. ह्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात पन्नास जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांच्या आवाजाची नक्कल करणारी चिप आहे. ती ठणठणीत. फक्त दाराची कडी सैल झाली, म्हणून वाडा पाडा असा सल्ला!

आमच्या गल्लीत एक काका आहेत. उमेदीत त्यांनी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केले. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, “काय नाय रे झालं. पट्टीचा ताण गेलाय, अन् पायाशी सोल्डर तडकलंय.” जॅक पेटीला नटानं आवळण्याऐवजी नुसता सर्किट बोर्डावर उभा केलेला. केबलला बसणारा प्रत्येक हिसका सरळ त्या टाक्यावर! मग काकांनी सांगितलं आणि भाच्यानं केलं. प्लग काढला, स्क्रू काढले, खिडकी उघडी ठेवली. तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं जुनं सोल्डर शोषून घेतलं, नवा जॅक बसवला, राळ लावून नवं सोल्डर मारलं. कथील-शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. पुरीचं तेलही साधारण तितकंच तापतं. म्हणजे ज्या घरात पुरी तळता येते, त्या घरात जॅक बदलता येतो. फक्त नंतर हात धुवायचे. शिसं पोटात जाऊ द्यायचं नाही. खर्च? एका मिसळीचा. पावासकट.

तुम्ही म्हणाल, उद्या कुणाला शॉक बसला तर? रास्त प्रश्न आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरात शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते आत दबा धरून बसतात. तिथं जाणकारानंच हात घालावा. पण हा बिचारा अ‍ॅडॅप्टरवर चालतो. धोका पेटीत नव्हता, पावतीत होता.

आणि आपण काय दुरुस्तीला परके आहोत? मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याची घोडी तारांनी झिजते, आवाज बसतो. मग कारागीर ती कानशीनं घासतो, पुन्हा जवारी लावतो, आणि तंबोरा पुढच्या पिढीला गातो. ‘भोपळाच बदलावा लागेल’ असं मिरजेत कुणी म्हटलं असतं, तर त्याला गावाबाहेर काढलं असतं.

सरकारलाही हे पटलेलं दिसतं. जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू झालं. अमेरिकेत तर २०१८ साली फेडरल ट्रेड कमिशननं सहा कंपन्यांना बजावलं की, दुसऱ्याकडे दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी रद्द, ही दमदाटी चालणार नाही. युरोपनं २०२४ मध्ये दुरुस्तीचा निर्देश काढला. त्याच्या यादीत वॉशिंग मशीन आहे, फ्रीज आहे. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर नाही. युरोपातल्या शेजाऱ्यांचा दबाव असावा.

माझ्या मागण्या तीनच. जॅक पेटीला नटानं आवळा. सुटे भाग आणि सर्किटचा नकाशा पैसे घेऊन का होईना, पण द्या. आणि शाळेत कार्यानुभवाच्या तासाला क्रेपच्या कागदाची फुलं पुष्कळ झाली, एकदा पोरांच्या हाती सोल्डरिंगची इस्त्री द्या. आमच्या काकांसारखे हात आता गल्लोगल्ली उरलेले नाहीत. ते गेले की त्यांचा स्पेअर पार्ट कुठल्याच कंपनीत मिळणार नाही.

तेवढं जमत नसेल, तर मात्र बोर्ड जरूर बदला. आतला नव्हे, दारावरचा. ‘सर्व्हिस सेंटर’ पुसा आणि तिथं सरळ ‘विक्री केंद्र’ लिहा.