जुना टीव्ही फोडून फिश टँक करताय? आधी हे वाचा!

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि महाराष्ट्रातल्या घरांत लाकडी शटरचे टीव्ही येऊ लागले. १९८२मध्ये रंगीत प्रक्षेपण आले. तेव्हाचे क्राऊन, डायनोरा, वेस्टनचे सेट आता माळ्यावर किंवा जुन्या बाजारात सापडतात. हौसेने ते घेणारेही आहेत. मात्र अनेकदा आतली पिक्चर ट्यूब काढून फेकली जाते आणि खोक्याचा फिश टँक होतो. शोभा वाढते, पण टीव्ही कायमचा संपतो.

हे टीव्ही आज चालतात का?

चालतात. अडचण सिग्नलची आहे, कारण दूरदर्शनचे अँटेनावर दिसणारे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण जवळपास बंद झाले आहे. सेटला पिवळ्या-पांढऱ्या पिनांची सोय असेल तर सेट टॉप बॉक्स थेट जोडता येतो. फक्त अँटेनाची जागा असेल तर मध्ये आरएफ मॉड्युलेटर लागतो. ओटीटी पाहायचे असेल तर एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर घ्यावा.

पण कशासाठी?

केवळ आठवणींसाठी नाही. आपल्याकडचे जुने कार्यक्रम ६२५ रेषांच्या चित्रासाठी बनले होते. ४के टीव्ही तेच चित्र ताणून मोठे करतो, म्हणून ते फिकट आणि धूसर दिसते. जुन्या ट्यूबवर ते नेटके दिसते. व्हिडीओ गेममधल्या जुन्या बंदुका तर या पडद्याशिवाय नेमच धरत नाहीत. इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर कुठे आहे, त्यावरच त्या चालतात.

धोका कुठे आहे?

रंगीत ट्यूबला साधारण २० ते २५ हजार व्होल्ट लागतात. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये भार साठून राहू शकतो, त्यामुळे मागचे झाकण स्वतः उघडू नये. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते, ती फुटली तर काचा उडतात. त्या काचेत शिसेही असते. वर्षानुवर्षे बंद असलेला सेट एकदम सुरू करणेही चुकीचे आहे. त्यातले कपॅसिटर खराब झालेले असू शकतात. जाणकार मेकॅनिक आधी सिरीज बल्ब लावून सेट तपासतो.

खरा प्रश्न

मुद्दा इथेच आहे. बाजारात नवीन पिक्चर ट्यूब येत नाहीत, म्हणजे फुटलेली प्रत्येक ट्यूब कायमची गेली. त्याहून झपाट्याने संपतेय ते दुरुस्तीचे ज्ञान. गल्लीतले टीव्ही मेकॅनिक काका आज पॅनेल बदलतात किंवा मोबाइल दुरुस्त करतात. त्यांच्या हातातली विद्या शिकायला कोणी नाही. हौशी संग्राहकांनी सेटच्या किमतीइतकाच खर्च या काकांवर केला, तर सेट आणि विद्या दोन्ही टिकतील.

म्हणून खोके रिकामे करण्याआधी एकदा मेकॅनिकला दाखवा. सेट चालणारा असेल तर चालवा. ट्यूब गेलीच असेल तर सुटे भाग दुसऱ्या सेटला उपयोगी पडतात. उरलेला सांगाडा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या, भंगारवाल्याच्या हातोड्याखाली नको. शोभेसाठी रिकामे खोके सुताराकडूनही करून मिळते. चालणारा टीव्ही मात्र पुन्हा बनणार नाही.