कुंपणाचे तिकीट

पाच वर्षांच्या मुलाची उंची सरासरी ११० सेंटिमीटर भरते. मोठ्या थीम पार्कमधल्या रोलरकोस्टरपाशी उंची मोजायची पट्टी रंगवलेली असते आणि तिथली अट बहुतेक ठिकाणी १३० ते १४० सेंटिमीटरची असते. म्हणजे चौथी-पाचवीत जाईपर्यंत मुलाला त्या डब्यात पाऊल टाकता येत नाही. ज्या राइडचा फोटो जाहिरातीत सर्वांत मोठा छापलेला असतो, ती बालवाडीतल्या मुलासाठी नसतेच. तरीही मे महिन्यात खोपोलीजवळच्या इमॅजिकापासून गोराईच्या वॉटर किंगडमपर्यंत तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या कितीतरी आईबापांच्या कडेवर मूल असते, नाहीतर हाताला धरलेले असते.

हे आईबाप भोळे नाहीत. आत गेल्यावर मूल फार तर फिरत्या घोड्यावर बसेल आणि घोटाभर पाण्यात डुंबेल, हे त्यांना ठाऊक असते. तिकिटाच्या पैशात ते दुसरेच काही विकत घेतात: स्वच्छ स्वच्छतागृह, कपडे बदलायला आडोसा, प्यायचे पाणी, सावलीतला बाक, पाण्याकाठी शिट्टी घेऊन उभा असलेला जीवरक्षक आणि मूल हरवले तरी बाहेर जाऊ न देणारे फाटक. राइड हे निमित्त, खरी खरेदी कुंपणाची. हे कुंपण विकत घ्यावे लागते याचे कारण पार्कात सापडणार नाही. ते कोकणच्या किनाऱ्यावर आहे. लहान मुलांसाठी यापेक्षा चांगले मैदान महाराष्ट्रात नाही, आणि ते लहान मुलांना वापरण्याजोगे ठेवण्याची तसदी मात्र आजवर फारशी कोणी घेतलेली नाही.

थीम पार्कच्या मूळ कल्पनेत मूल आणि मोठी माणसे बरोबरीने होती. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये नेत असत. मुली फिरत्या घोड्यांवर आणि वडील बाकावर, असा तो प्रकार होता. दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा का नसावी, हा विचार त्या बाकावर सुचल्याचे त्यांनी पुढे सांगितले. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइममध्ये डिस्नेलँड उघडले. आपल्याकडे मात्र बाक अजून तसाच आहे. मोठा भाऊ बाबांबरोबर राइडच्या रांगेत, धाकटीला घेऊन आई पिशव्यांच्या राखणीला, आणि आजी-आजोबा पंख्याची जागा शोधत. वेळाचे गणितही उलटेच. बहुतेक पार्कांची दारे साडेदहा-अकराला उघडतात आणि संध्याकाळी मिटतात. मे महिन्यातल्या उन्हाचे जे तास लहान मुलांनी घरात काढावेत, नेमके तेच तास तिथे विकले जातात. बाहेरचे खाणे बहुतेक ठिकाणी चालत नाही, म्हणून घरून आणलेला डबा फाटकाशीच राहतो आणि मुलाच्या पोटात बटाट्याच्या कापांखेरीज फारसे काही जात नाही.

महाराष्ट्राला मुलांच्या करमणुकीची दुसरी रीतही ठाऊक होती. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली फुलराणी ही छोटी आगगाडी धावू लागली. मुंबईत मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कमध्ये म्हातारीचा बूट उभा राहिला. दोन्ही गोष्टी पालिकेच्या, किंमत खिशाला झेपणारी आणि माप मुलाचे. पुढे १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड आले, १९९८ मध्ये त्याच्याच शेजारी वॉटर किंगडम, २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका. या उद्योगाने रोजगार दिला आणि अनेक मुलांना आयुष्यभर पुरेल असा आनंदही दिला. त्याच काळात सरकार आणि पालिका मात्र मुलांची सुट्टी ही आपली जबाबदारी आहे, हे हळूहळू विसरल्या.

किनाऱ्याला उंचीची अट नाही. तीन वर्षांचे मूल वाळूत खड्डा करते, ओंजळीने पाणी आणून त्यात ओतते, पाणी मुरले की पुन्हा धावते. या एका खेळात त्याचे दोन तास जातात. ओल्या वाळूत बारीक खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांच्या रांगोळ्या असतात, शंख-शिंपले असतात, लाटेबरोबर पुढे-मागे पळणारी तुतारी पाखरे असतात. शिवाय किनारा सकाळी सहाला उघडा असतो, आणि लहान मुलेही सुट्टीत नेमकी सहालाच उठतात. नऊ वाजता उन्हाचा चटका लागू लागला की परत फिरावे, जेवून झोपावे, पाचनंतर पुन्हा यावे. मे महिन्यात लहान मुलाला मानवणारे वेळापत्रक याहून वेगळे नाही.

पण दापोली, अलिबाग किंवा श्रीवर्धनकडच्या एखाद्या गर्दीच्या किनाऱ्यावर शनिवारी संध्याकाळी पोहोचलेल्या कुटुंबाला काय दिसते? वाळूवर चारचाकी गाड्या, त्यांच्यामधून घोडागाड्या आणि चारचाकी बाइक, पाण्याच्या काठाशी बनाना राइडची स्पीडबोट. खड्डा खणणारे मूल चालकाच्या नजरेच्या पातळीखाली असते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. सावली शोधावी तर सुरूच्या बनात, पण तिथे बाटल्यांच्या काचा. ‘गोड्या पाण्याने आंघोळीची सोय’ अशी पाटी एखाद्या घरावर दिसते आणि खारट अंगाने चिडचिडलेल्या मुलाची आई हायसे वाटून तिकडे वळते. सार्वजनिक स्वच्छतागृह असलेच तर त्याला बहुधा कुलूप असते. घरगुती खानावळी आणि न्याहारी-निवासाची सोय करणाऱ्या स्थानिक कुटुंबांनी आपल्यापरीने खूप केले आहे. त्यांच्या अंगणापासून लाटेपर्यंतच्या पट्ट्याला मात्र कोणी वाली नाही.

समुद्राचे भान हा आणखी गंभीर विषय. काशीद आणि गणपतीपुळे हे किनारे देखणे आहेत आणि दगाबाजही. तिथली ओढ अनेकांच्या जिवावर बेतली आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. कोकणातल्या जुन्या माणसांना भरतीचा हिशेब तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते: अष्टमीला साधारण सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, इतकेच. या हिशेबाने पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी लवकर आणि संध्याकाळी ओहोटी असते, वाळू दूरवर उघडी पडते आणि मुलांना खेळायला ऐसपैस जागा मिळते. अष्टमीच्या सुमारास याच वेळांना पाणी वर आलेले असते. पुण्या-नाशिकहून आलेल्या पर्यटकाला हे माहीत असण्याचे कारण नाही. प्रत्येक किनाऱ्याच्या वाटेवर एक फळा आणि रोज त्यावर खडूने दोन वेळा लिहिणारा एक माणूस, एवढ्यात हे काम होते.

शेजारच्या गोव्याने यापुढचे पाऊल २००८ मध्येच टाकले. तिथल्या किनाऱ्यांवर तेव्हापासून दृष्टी मरीन या संस्थेचे प्रशिक्षित जीवरक्षक सरकारी करारावर तैनात आहेत. पोहायला सुरक्षित पट्टा कोणता आणि पाण्यात उतरू नये असा कोणता, हे झेंडे लावून दाखवले जाते. भलतीकडे जाणाऱ्याला शिट्टी मारून मागे बोलावले जाते. गोव्यातही अपघात होतात, पण तिथे पाण्याकाठी जबाबदार माणूस उभा असतो. मुंबईच्या चौपाट्यांवर जीवरक्षक आहेत. शालेय पुस्तकात ७२० किलोमीटरचा म्हणून शिकवल्या जाणाऱ्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा उरलेला बहुतांश भाग ग्रामपंचायतीच्या ऐपतीवर आणि धावून येणाऱ्या कोळी बांधवांच्या भरवशावर आहे.

‘ब्लू फ्लॅग’ हे किनाऱ्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानांकन. पाण्याची शुद्धता, स्वच्छतागृहे, जीवरक्षक, प्रथमोपचार असे ३३ निकष त्यासाठी लागतात. २०२० मध्ये भारतातल्या आठ किनाऱ्यांना ते प्रथम मिळाले. त्यात गुजरातचा शिवराजपूर होता, दीवचा घोघला होता, कर्नाटकातले कासरकोड आणि पडुबिद्री होते. महाराष्ट्राचा एकही किनारा नव्हता. नंतर श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर आणि डहाणूचा पारनाका अशी नावे पुढे आली, ही चांगलीच गोष्ट. मात्र मानांकनाचा झेंडा चार-पाच ठिकाणी फडकला म्हणून बाकीच्या किनाऱ्यांवरचे कुलूपबंद स्वच्छतागृह उघडत नाही.

बोटींची कथाही अशीच आहे. ७ मे २०२३ रोजी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूरजवळ संध्याकाळी दुमजली पर्यटक बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. २२ जण दगावले, त्यांतली १५ मुले होती. दिवस सुट्टीचे होते आणि कुटुंबेच्या कुटुंबे बोटीत बसली होती. त्याच्या आदल्या वर्षी, २४ मे २०२२ रोजी, तारकर्लीत स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट बुडून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. तीन वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाचे जीवरक्षक जॅकेट चढवले तर पाण्यात ते डोक्यावरून निसटते. मुलांच्या मापाची जॅकेटे नसतील तर ती बोट मुलांसाठी नाही, असे सांगणारा अधिकारी धक्क्यावर हवा.

विकतचे कुंपण तरी भक्कम असते का? राजकोटच्या टीआरपी गेम झोनला २५ मे २०२४ रोजी आग लागली आणि २७ माणसे जळून गेली. त्यांत मुलेही होती. सुट्टीचा शनिवार होता, ९९ रुपयांच्या सवलतीच्या तिकिटामुळे गर्दी उसळली होती, वेल्डिंगचे काम चालू होते, आवारात इंधन साठवलेले होते आणि अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ही प्रथमदर्शनी मानवनिर्मित आपत्ती असल्याचे म्हटले. त्याआधी जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरियात झोके घेणारी एक राइड तुटून दोघे दगावले होते. सारीच पार्के अशी नसतात. मोठ्या पार्कांत रोज सकाळी राइड रिकामी फिरवून तपासण्याची शिस्त असते. पण आपल्या शहरातल्या मॉलमधल्या किंवा जत्रेच्या मैदानावरच्या खेळघराची शेवटची तपासणी कधी झाली, हे पालकाला तिकीट खिडकीवर वाचता आले पाहिजे.

वॉटर पार्कवर सरसकट टीका करणाऱ्यांनी एकदा नकाशाही पाहावा. नागपूरकरांसाठी समुद्र म्हणजे समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर, आणि तो रस्ताही भिवंडीजवळ आमण्याला संपतो. किनारा त्याच्याही पुढे. पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांना गावाजवळचा वॉटर पार्क हाच समुद्र. पोहणे न आलेल्या कितीतरी बायका पहिली लाट अंगावर घेतात ती तिथल्या कृत्रिम लाटांच्या तलावात, आणि त्यांच्या किंकाळ्यांत मुलांपेक्षा जास्त आनंद असतो. तेव्हा पार्क की किनारा, असा वाद इथे नाही. ज्याला समुद्र हाताशी आहे, त्याला पैसे नाहीत म्हणून धोका आणि आहेत म्हणून कुंपण, अशी वाटणी होऊ नये, एवढेच मागणे आहे.

गावाने ठरवले तर तिकिटाच्या खिडकीशिवायही शिस्त येते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम उभे केले. पिल्ले समुद्रात सोडण्याच्या वेळा सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या, वाळूवर दोरी बांधलेली, तिच्यामागे पर्यटक उभे, राहण्या-जेवण्याची सोय गावातल्या घरांत. शहरातून आलेली चार-पाच वर्षांची मुलेही दोरीमागे श्वास रोखून उभी राहतात. दोरी, वेळ आणि लक्ष ठेवणारी माणसे, एवढ्यावर ही व्यवस्था उभी आहे. कासवांच्या पिल्लांसाठी जे जमले, ते माणसांच्या पिल्लांसाठी इतरत्रही जमण्यासारखे आहे.

पालकांकडूनही थोडी अपेक्षा आहे. दोन दिवसांत अलिबाग, मुरूड, दिवेआगर आणि हरिहरेश्वर उरकणाऱ्या कुटुंबातले मूल समुद्र कमी आणि गाडीची मागची सीट जास्त पाहते. एका गावात तीन रात्री मुक्काम केला की खर्च घटतो आणि मुलाची झोपही सांभाळली जाते. पाण्यात मूल कायम हाताच्या अंतरावर हवे, आणि त्या वेळी मोबाइल पिशवीत.

बाकीचे काम सरकार आणि ग्रामपंचायतींचे. थीम पार्कच्या तिकिटावर जानेवारी २०१८ मध्ये जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला; तरी करमणुकीतून कर मिळतोच. काही किनारी ग्रामपंचायती गाड्यांकडून प्रवेशकर वसूल करतात. या पैशातून गर्दीच्या प्रत्येक किनाऱ्यावर चार गोष्टी आधी व्हाव्यात: सुट्ट्यांच्या हंगामात पगारी जीवरक्षक, पाण्याची सोय असलेले आणि उघडे स्वच्छतागृह, वाळूवर गाडी उतरू न देणारे दगडी अडथळे आणि भरतीच्या वेळांचा फळा. शाळा १५ जूनला सुरू होतात, विदर्भात त्यानंतर. पाऊस लागला की किनारे ओस पडतात आणि निविदा काढायला, माणसे निवडून त्यांना प्रशिक्षण द्यायला तीन-चार महिने हाती उरतात. पुढची मोठी गर्दी दिवाळीच्या सुट्टीत उतरते. जीवरक्षकांच्या नेमणुकीचे आदेश त्याआधी निघायला हवेत.