कोळ्याचे पाय किती?

आमचे एक नातेवाईक जिंतूरकडे राहतात. त्यांनी आठवडी बाजारातून तिसरीतल्या पोरासाठी रंगीत चित्रांचे पुस्तक आणले. त्यात बैल होता, मोर होता, मधमाशी होती, कोळीही होता. चार दिवस पोराने ते पुस्तक खाली ठेवले नाही. पाचव्या दिवशी मात्र बापाला म्हणाला, "बाबा, ह्यातला कोळी खोटा हाय. सहाच पाय हाईत. आपल्या गोठ्यातल्या कोळ्याला आठ हाईत, म्या मोजले."

बाप म्हणाला, "छापलेलं कधी चुकतं का? तूच मोजायला चुकला असशील."

पोर बरोबर होते. मुंगी, मधमाशी, भुंगा, फुलपाखरू यांना सहा पाय, कोळ्याला आठ. म्हणून तर कोळी कीटकांत मोडत नाही. चित्रकार चुकला, तसे कोणीही चुकते. मला वाईट वाटले ते बापाच्या उत्तराचे. आपण डोळ्यांनी पाहिले ते खोटे आणि कागदावरचे तेवढे खरे, असे एकदा पोराच्या मनाने घेतले की ते मोजणेच सोडून देते. गोष्टीच्या पुस्तकात ससा बोलला तर काही बिघडत नाही. माहितीच्या पुस्तकाला ती मोकळीक नाही.

चित्र दाखवून माहिती सांगायची ही रीत फार जुनी. आजच्या चेक देशात जन्मलेला कोमेनियस हा शिक्षक. त्याने १६५८ साली मुलांसाठी एक पुस्तक काढले, ते जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला छापले गेले. त्यात दीडशे चित्रे. नांगरणी, मधमाश्या, भाकरी-पाव भाजणे, असा रोजचा संसारच त्यात होता! चित्रातल्या प्रत्येक वस्तूवर आकडा आणि मजकुरातही तोच आकडा. पोराने बोट ठेवावे, आकडा जुळवावा, शब्द शिकावा. आपल्याकडे १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने मुलांची स्वस्त चित्रमय पुस्तके मराठीतही आणली. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' सुरू केले. तिथे मराठी चित्रपुस्तके मोबाइलवर फुकट वाचता येतात. पण बोट ठेवून पाने उलटायची मजा कागदातच, हे माझे जुनाट मत.

आता तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या पोराला किडा-मुंगी पुस्तकात कशाला दाखवायची? शेतात काय कमी आहेत? कपाशीचेच घ्या. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपली बोंडे पोखरली. अळी आपण सगळ्यांनी पाहिली. तिचा पतंग किती जणांनी ओळखला? तो लहान, मातकट, रात्री उडणारा. दिवसा नजरेस पडत नाही. अंडी, अळी, कोष, पतंग हा साधारण महिनाभराचा फेरा एका पानावर गोल मांडला, की कामगंध सापळा कशासाठी लावायचा ते पोरालाही उमगते. डोमकळीचे चित्र पाहिलेले पोर शेतात पाकळ्या न उघडलेले, गुलाबाच्या कळीसारखे फूल पाहील तर तोडून आत अळी शोधेल. शेत सगळे दाखवते, पण एका जागी, एका वेळी दाखवत नाही.

घेताना मात्र पारखून घ्या. लेखकाचे, चित्रकाराचे नाव आहे का? छपाईचे साल आहे का? जुन्या पुस्तकात नऊ ग्रह दिसतील. २००६ पासून प्लूटो त्या यादीत नाही. जुन्या नकाशात हिंगोली, वसमत, कळमनुरी परभणी जिल्ह्यातच सापडतील. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला. आणि मुंगी व हत्ती एकाच मापाचे काढले असतील, तर खरे माप कुठे लिहिले आहे ते बघा.

पैसे नसतील तर शाळेत विचारा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे. पुस्तके कपाटात कुलूपबंद असतील, तर पालक सभेत किल्लीची चौकशी करायला संकोच कसला? गावात 'ड' वर्गाचे का होईना, सार्वजनिक ग्रंथालय असेल, तिथेही बालविभाग मागा.

आणि माय-बहिणींनो, "मला कुठं वाचता येतं" म्हणून बाजूला सरू नका. चित्र सगळ्यांना वाचता येते. पोराला मजकूर वाचू द्या, चित्रावर तुम्ही बोला. हा बैल कोणत्या जातीचा, हे कणीस शाळूचे की बाजरीचे, हे तुमच्याइतके पुस्तकालाही ठाऊक नसते. एका पानावर अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

त्या जिंतूरच्या पोराचे सांगायचे राहिले. दिवाळीत गेलो तेव्हा ते पुस्तक पाहिले. कोळ्याला पेन्सिलीने दोन्ही बाजूंना एकेक पाय काढला होता. बाप म्हणाला, "गोठ्यात नेऊन दाखवलं त्यानं. मग म्याच पेन्सिल दिली."