बालीची मैना नाजूक नव्हती

आपली साळुंकी कुठेही तगते, बालीची पांढरी मैना मात्र तगली नाही. म्हणजे ती मुळातच नाजूक, असा युक्तिवाद जाणत्या मंडळींकडूनही ऐकू येतो. दोघी एकाच कुळातल्या, त्यामुळे तो पटकन पटतो. तरी तो साफ चुकीचा आहे.

साळुंकीचा जगभरचा पसारा तिच्या एकटीची कमाई नव्हे. १८६२ मध्ये मेलबर्नला तिला माणसांनीच नेऊन सोडले, पिकांवरचे किडे खाईल म्हणून. हवाईतही तेच. पुढे ती इतकी डोईजड झाली की आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या तज्ज्ञांनी जगातल्या शंभर घातक परक्या जातींत तिला बसवले. त्या यादीत पक्षी अवघे तीन!

आणि बालीची मैना? शुभ्र अंग, डोळ्यांभोवती निळी कातडी, मानेवर रुळणारा तुरा. हे रूपच तिच्या मुळावर आले. इंडोनेशियात पक्षी पाळण्याचा शौक मोठा. ती दुर्मीळ झाली तशी किंमत चढली, किंमत चढली तसे पकडणारे वाढले. २००१ च्या सुमारास रानात सहाएकच उरल्या. पिंजऱ्यात मात्र ती बिनतक्रार अंडी घालते, पिल्ले वाढवते. नाजूकपणाची ही लक्षणे नव्हेत.

‘मग पिंजऱ्यात वाचलीच की,’ असे दुसरा पक्ष म्हणतो. पण पिंजराही सुरक्षित नव्हता. १९९९ मध्ये पश्चिम बाली राष्ट्रीय उद्यानातल्या प्रजनन केंद्रावर सशस्त्र टोळी चालून आली आणि रानात सोडण्यासाठी ठेवलेल्या ३९ मैनांपैकी बहुतेक घेऊन गेली. सरकारी कुंपणाच्या आत ही गत.

उपाय सापडला तो गावांत. नुसा पेनिडा बेटावरच्या गावांनी आपल्या पारंपरिक नियमांत पक्षी पकडायला बंदी घातली आणि २००६ पासून तिथे मैना सोडल्या गेल्या. नारळाच्या बागांत, वस्तीला लागून त्यांनी घरटी केली, थेट साळुंकीसारखी. हे बेट तिच्या मूळ प्रदेशाबाहेरचे आहे, हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण खुद्द बालीतही उद्यानालगतच्या गावकऱ्यांना परवाना देऊन मैना पैदा करू दिल्या, तेव्हा घरच्या पिल्लांमुळे चोरीच्या मालाचा भाव उतरला आणि उद्यानातल्या मैना पुन्हा वाढू लागल्या. आययूसीएनच्या लाल यादीत ती अजून ‘अतिसंकटग्रस्त’च आहे, तिला नाजूक ठरवणाऱ्यांनी तिथली कारणे वाचावीत. पहिले कारण पक्षीबाजार हेच आहे.